आंबेमोहोराचा सुवास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमांत एक तरी व्याख्यान विज्ञानविषयक असावे असे कार्यकारिणीने ठरविले, आणि ते काम माझ्याकडे सोपविले, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. वक्ता म्हणून माझी योग्यता बेताचीच. माझे सारे आयुष्य या कलकत्ता शहरात (आम्ही जुनी माणसे अजून कलकत्ताच म्हणतो) वनस्पतींतील सुगंधी द्रव्यांचे पृथक्करण करण्यात गेले. त्यामुळे बोलण्यापेक्षा हुंगण्याचीच सवय अधिक. तरीही आज बोलायला उभा राहिलो, याचे कारण एक जुनी चूक आहे. ती माझ्या हातून झाली, आणि ती यंत्रासमोर बसून झाली. ती आपल्यासमोर सांगावी, आणि तिच्या निमित्ताने सुवास म्हणजे काय, तो प्रयोगशाळेत कसा ओळखतात आणि तो हरवतो कसा, हेही सांगावे, असा माझा हेतू आहे.

आत स्वयंपाकघरात भात शिजत आहे आणि त्याचा वास या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोहोचला आहे, हे आपल्या चेहऱ्यांवरून मला दिसते. म्हणजे माझ्या व्याख्यानाचा पहिला प्रयोग आपण आधीच केला आहे. भाताच्या पातेल्यातून काही अतिसूक्ष्म रेणू वाफेबरोबर उठले, हवेतून वाहत आले आणि आपल्या नाकाच्या आतल्या अस्तरावर टेकले. जे द्रव्य सहज हवेत उडून जाते त्यालाच वास असू शकतो. मीठ उडत नाही, म्हणून मिठाला वास नाही. कापूर उडतो, म्हणून त्याला वास आहे. या उडून जाणाऱ्या द्रव्यांना आम्ही बाष्पनशील द्रव्ये म्हणतो. जे उडते तेच दरवळते, आणि जे उडते तेच निघूनही जाते. सुवासाचे वैभव आणि त्याची व्यथा या एकाच गुणधर्मात आहे. माझी गोष्टही याच गुणधर्माची आहे.

माझ्या आईचे माहेर पुणे जिल्ह्यात मुळशीकडचे. मुळशी, मावळ, भोर हा आंबेमोहोराचा मुलूख. आखूड, बारीक दाणा, शिजल्यावर मऊ, आणि पातेल्यावरचे झाकण किंचित सरकविले की घरभर दरवळणारा. वडिलांच्या निधनानंतर आई आमच्याकडे इथे राहायला आली तेव्हा तिने दोनच अटी घातल्या होत्या. एक, गणपती घरी बसवायचा. दुसरी, त्याच्या नैवेद्याचा भात तिच्या माहेरच्या तांदळाचा हवा. त्याप्रमाणे दरवर्षी पौषात माझा मामेभाऊ कोणीतरी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर आझाद हिंद एक्सप्रेसने तांदळाचे एक लहान पोते पाठवी. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी अशी पोती, अशा बरण्या आणि असे डबे येत असत. अजूनही येत असतील. त्यांत काय येते हे मी आपणांला वेगळे सांगावयास नको.

२००४ सालची गोष्ट. त्या वर्षी घरात आधीचा साठा शिल्लक होता, म्हणून पौषात आलेले पोते न उघडता माळ्यावर टाकले. माळा स्वयंपाकघराच्या वर, चुलीच्या अंगाला. ते उघडले ते थेट गणेशचतुर्थीला. नैवेद्याचा पदार्थ कोणी चाखत नाही. त्याची परीक्षा नाकानेच करायची. आईने झाकण सरकविले, वाफ अंगावर घेतली आणि झाकण पुन्हा ठेवून दिले. म्हणाली, "हा आमचा तांदूळ नव्हे." बस्स, एवढेच. नैवेद्य दाखविला, आरती झाली, पण त्या दिवशी ती भात जेवली नाही.

आता मी रसायनशास्त्रज्ञ. "नव्हे" म्हणजे काय, हे मोजून दाखविणे हा माझा धंदा. वरिष्ठांची परवानगी घेऊन एका शनिवारी दुपारी त्या पोत्यातला मूठभर तांदूळ मी प्रयोगशाळेत नेला.

तिथे काय केले ते सांगण्यापूर्वी थोडे मागे जातो. सुवासिक तांदळाचा वास नेमका कशाचा, हा प्रश्न फार जुना. उत्तर मात्र १९८२ सालचे. अमेरिकेतील कृषिखात्याच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत रॉन ब्युटरी आणि लुईसा लिंग यांनी, फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे बिएनवेनिदो जुलियानो यांच्याबरोबर, शिजलेल्या तांदळाच्या वाफेचे पृथक्करण केले. तांदळाच्या वाफेत शेकडो द्रव्ये असतात. त्या गर्दीतून त्यांनी एक द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव २-ॲसिटिल-१-पायरोलीन. नाव अवघड आहे. आपण त्याला आज नुसते 'पायरोलीन' म्हणू. माझे सहव्यवसायी मला क्षमा करतील.

या द्रव्याचे प्रमाण ऐकाल तर आश्चर्य वाटेल. ब्युटरी यांच्या मोजणीत साध्या, बिनवासाच्या तांदळात ते अब्ज भागांत सहा-आठ भाग किंवा त्याहूनही कमी निघाले, तर सडलेल्या सुवासिक तांदळांत सुमारे चाळीस ते नव्वद भाग. नव्वद हा आकडा धरला तरी दहा किलो तांदळाच्या पोत्यात सगळा मिळून सुवास किती? एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. तांदळाच्या एका दाण्याचे वजनही त्याहून कितीतरी अधिक भरते. म्हणजे माझ्या मामेभावाने आठशे कोसांवरून जे पोते पाठविले, त्यातला जो अंश आईला हवा होता तो एका दाण्याच्या वजनाचाही नव्हता.

आणि तरीही नाकाला तो कळतो. या द्रव्याचा वास पाण्यात अब्जात एक दशांश भाग असला तरी माणसाला जाणवतो. हिशेब करून पाहा. दहा हजार लिटरचा एक, असे एक हजार टँकर पाण्याने भरून उभे केले आणि त्या सगळ्यांत मिळून या द्रव्याचा एक ग्रॅम मिसळला, तर कोणत्याही टँकरमधल्या पेलाभर पाण्यात तो वास येऊ शकेल. इतके संवेदनशील यंत्र आपल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बसविलेले आहे, आणि आपण त्याचा उपयोग बहुधा दूध नासले की नाही एवढ्यापुरताच करतो.

अशा सूक्ष्म द्रव्याला पकडायचे कसे? तांदूळ दळून एका लहान बाटलीत घालावयाचा, थेंबभर पाणी टाकावयाचे, बाटली घट्ट बंद करून तापवावयाची. तांदळातील उडणारी द्रव्ये वरच्या रिकाम्या जागेतल्या हवेत जमतात. मग बुचातून एक सुई आत घालतात. सुईच्या पोटात केसासारखा एक तंतू असतो, त्याला विशिष्ट लेप दिलेला असतो. तंतू बाहेर काढून त्या हवेत काही वेळ धरला की ती द्रव्ये त्याला चिकटतात. कॅनडातील यानुष पावलिशिन यांनी १९९० च्या सुमारास ही युक्ती काढली, आणि आमच्या धंद्यातले कष्ट पुष्कळच हलके झाले. त्यापूर्वी यासाठी किलोकिलो तांदूळ तासन्‌तास उकळावा लागे.

मात्र तंतूवर चिकटलेली द्रव्ये शेकडो. त्यांना एकमेकांपासून वेगळे करणे हे खरे काम. ते गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे यंत्र करते. या पद्धतीचा मूळपुरुष मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ. विसाव्या शतकाच्या आरंभी वॉर्सात काम करीत असताना त्याने पानांचा रस खडूच्या भुकटीच्या नळीतून गाळला आणि हिरव्या-पिवळ्या रंगांचे पट्टे वेगवेगळे झालेले पाहिले. पुढे १९५२ साली जेम्स आणि मार्टिन या इंग्रज शास्त्रज्ञांनी तेच तत्त्व वायूंना लावून दाखविले.

यंत्राचे तत्त्व मी आपणांला याच सभागृहाच्या दाखल्याने सांगतो. कार्यक्रम संपला की आपण सारे एकाच वेळी उठतो, पण दारातून एकाच वेळी बाहेर पडत नाही. जो मंडळात नवा आहे, ज्याची कोणाशी ओळख नाही, तो सर्वांत आधी रस्त्यावर पोहोचतो. ज्याच्या चार ओळखी तो चार ठिकाणी थांबतो. आणि आमच्या काही वयोवृद्ध सभासदांना तर प्रत्येक खुर्चीशी थांबावेच लागते. ते बाहेर येईतो दिवे मालवायची वेळ झालेली असते. यंत्रातही असेच होते. तीस मीटर लांब, आतून पाव मिलिमीटर रुंद अशी सिलिकाची नळी वेटोळे घालून भट्टीत ठेवलेली असते. तिच्या आतल्या अंगाला एक पातळ लेप असतो. हेलियम वायूच्या प्रवाहाबरोबर सर्व द्रव्ये एकदमच निघतात, परंतु लेपाशी ज्याचे सख्य कमी ते लवकर सुटते, ज्याचे अधिक ते रेंगाळते. पलीकडच्या टोकाला एकेक द्रव्य आपापल्या वेळी बाहेर पडते आणि कागदावर किंवा पडद्यावर एकेक शिखर उमटते.

शिखर उमटले, पण ते कोणाचे? त्यासाठी पुढे मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असतो. तो येणाऱ्या रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे तुकडे करतो आणि तुकड्यांची वजने सांगतो. फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या पाहून जाणता माणूस ते कोणत्या घाटाचे होते हे सांगतो, तसेच हे. पायरोलीनच्या रेणूचे वजन १११. त्याचे तुकडे ८३, ४३ असे पडतात. योग्य वेळी आणि योग्य खापऱ्यांसह शिखर आले म्हणजे ओळख पटली.

त्या शनिवारी माझ्या तांदळाचा आलेख निघाला. पायरोलीनचे शिखर जिथे यायला हवे तिथे एक लहानसा उंचवटा होता, साध्या तांदळातही असतो तेवढाच. आईचे नाक बरोबर होते. माझ्या विद्येने आईच्या म्हणण्याला दुजोरा दिला याचा मला अभिमान वाटला. आणि लागलीच रागही आला. दिसायला सारखाच आखूड दाणा असलेला दुसरा तांदूळ आंबेमोहोर म्हणून खपविला जातो, हे मी ऐकून होतो. मूळ आंबेमोहोराचे उत्पन्न कमी, झाड उंच आणि वाऱ्यापावसात लोळणारे. शेतकऱ्याने अधिक पिकणारी जात लावली तर नवल नाही. मी त्याच संध्याकाळी मामेभावाला आंतर्देशीय पत्र लिहिले. पत्रात मी म्हटले की आईच्या माहेरच्या नावाने हे पोते आले ते न येते तर बरे होते. आणि यंत्राने आता सारे उघड केले आहे.

यंत्राने काय उघड केले होते? सोमवारी आमच्या विभागातली एक तरुण बंगाली सहकारी तो आलेख न्याहाळत होती. तिने माझ्या लाडक्या शिखराकडे पाहिलेसुद्धा नाही. पुष्कळ आधी उमटलेल्या एका उंच शिखरावर बोट ठेवून तिने विचारले, "दादा, हा तांदूळ किती जुना आहे?"

ते शिखर हेक्झॅनाल नावाच्या द्रव्याचे होते. तांदळाच्या दाण्याच्या बाहेरच्या थरांत थोडे तेल असते. सडलेल्या तांदळावरही त्याचा अंश राहतो. हवा, उष्णता आणि दमटपणा लागला की ते तेल हळूहळू खवट होते आणि त्यातून हेक्झॅनाल तयार होते. जुन्या तांदळाला जो एक कोंदट, कडवट वास येतो त्यात याचा मोठा वाटा असतो. त्याच काळात उलट पायरोलीन मात्र घटत जाते. महिन्यामहिन्याने ते उडते, मोडते, आणि हवा जितकी उष्ण तितके लवकर. म्हणजे तो आलेख मला दोन गोष्टी सांगत होता, आणि मी त्यातली एकच ऐकली होती. पौषापासून भाद्रपदापर्यंत, कलकत्त्याचा सबंध उन्हाळा आणि सबंध पावसाळा, ते पोते आमच्या चुलीवरच्या माळ्यावर पडून होते.

याहून मोठी चूक अशी की मी एकाच नमुन्यावर निकाल दिला होता. तुलनेसाठी दुसरा नमुना घ्यावा हे आम्ही नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी शिकवितो. घरच्या माणसाविषयी मात्र ते मला आठवले नाही. पत्र टपालात पडले होते.

उत्तर तीन आठवड्यांनी आले. पत्र नव्हतेच, कापडाची एक पुरचुंडी होती. आत ओंजळभर भात, म्हणजे सालीसकटचे दाणे, आणि वहीचा एक फाटका कपटा. त्यावर एवढेच लिहिलेले : "त्याच शेतातले, त्याच सुगीचे. आपल्या कणगीतले आहे. आत्याला वास द्या."

मी ते दाणे प्रयोगशाळेत नेले. साल काढली, आणि खलात हलके कांडून दाणे पांढरे केले. कारण कोंड्यासकटच्या तांदळात सुवास मुळातच अधिक असतो, आणि तुलना न्याय्य व्हावयाची तर दोन्ही नमुने सारखे हवेत. या वेळी चार बाटल्या केल्या. पोत्यातला तांदूळ, कणगीतला तांदूळ, बाजारातला साधा तांदूळ आणि इथला गोविंदभोग. निकाल आपण ओळखला असेलच. कणगीतल्या तांदळात पायरोलीनचे शिखर स्पष्ट होते, हेक्झॅनालचे बुटके. टरफल हे निसर्गाने दाण्याला दिलेले वेष्टन. त्यात दाण्याचे तेल लवकर बिघडत नाही आणि सुवासही अधिक काळ राहतो. आमचे वाडवडील भात कणगीत साठवीत आणि लागेल तसतसा कांडीत, त्यात केवढे शहाणपण होते, ते मला एका यंत्राकडून समजले.

आमच्या यंत्राला एक फाटा होता. नळीतून येणारा वायू विभागून त्यातला अर्धा एका काचेच्या नळीने बाहेर काढावयाचा आणि तिथे नाक लावून बसावयाचे, अशी ती व्यवस्था. पडद्यावर शिखर उमटते त्याच क्षणी ते द्रव्य नाकालाही भेटते. या फाट्यावर बसले की एक मोठा धडा मिळतो. काही उंचच उंच शिखरांना वास जवळजवळ नसतो. आणि जिथे पडद्यावरची रेघ जेमतेम हलते तिथे कधीकधी नाक गच्च भरून जाते. द्रव्य किती आहे आणि त्याचा वास किती येतो, हे दोन निरनिराळे हिशेब आहेत. त्या दिवशी कणगीतल्या तांदळाची पाळी आली तेव्हा मी नाक लावून बसलो. आधी गवताचा, मग कसलासा तेलकट वास येऊन गेला. मग काही सेकंदच आईने झाकण सरकविले. मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

घरी येऊन मी आईला सर्व सांगितले : तांदूळ माहेरचाच होता, तो इथे येऊन आमच्या माळ्यावर म्हातारा झाला. तिने पुरचुंडीतले उरलेले दाणे तळहातावर चोळले, हुंगले, आणि म्हणाली, "मग पत्र आजच टाक." मी टाकले. क्षमेचे पत्र लिहिणे मला कोणत्याही शोधनिबंधापेक्षा अवघड गेले. भावाने त्यावर कधी काही लिहिले नाही. पुढच्या पौषात पोते मात्र आले. त्यात या वेळी तांदूळ नव्हता, भात होता.

बंधुभगिनींनो, आईचे नाक खोटे बोलले नव्हते आणि यंत्रही खोटे बोलले नव्हते. 'सुवास नाही' एवढीच साक्ष दोघांनी दिली होती. 'म्हणून तांदूळ दुसऱ्याचा' हा निष्कर्ष आमचा होता. पृथक्करण आपणांला काय आहे ते सांगते. ते तसे का झाले हे विचारावे लागते, आणि दुसऱ्या बाजूलाही विचारावे लागते.

आता या द्रव्याविषयी आणखी दोन-तीन गोष्टी, ज्या या शहरात बसून सांगण्यात मला विशेष आनंद आहे.

पहिली गोष्ट वाघाची. माझे आजोबा, आईचे वडील, सांगत असत की रानात चूल नसताना भात शिजल्याचा वास आला तर पाऊल मागे घ्यावे. आम्ही मुले हसत असू. १९९० साली इथल्याच भारतीय सांख्यिकी संस्थेतील रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले की वाघ आपली हद्द दाखविण्यासाठी झाडाझुडपांवर जो द्रव फवारतो, त्याच्या सुवासिक तांदळासारख्या वासाचे कारण हेच आपले पायरोलीन. आजोबांचे नाक आणि ब्रह्मचारींचे पृथक्करण एकाच जागी येऊन पोहोचले. मोहाच्या फुलांतही ते सापडले आहे. पावाच्या भाजलेल्या कवचात आणि मक्याच्या लाह्यांत ते उष्णतेने तयार होते. केवड्याच्या कुळातली एक बिनफुलांची वनस्पती आहे. आपल्याकडे काही घरी तिला अन्नपूर्णा म्हणतात आणि तिचे पान भातात घालतात. तिच्या पानात तर हे द्रव्य सुवासिक तांदळाच्या सुमारे दहापट असते.

दुसरी गोष्ट नावाची. आंब्याच्या मोहोराच्या वासात मुख्यत्वे टर्पीन नावाच्या वर्गातील द्रव्ये असतात. पायरोलीनशी त्यांचे काही नाते नाही. यंत्राला विचाराल तर आंबेमोहोर हे नाव चुकीचे आहे. पण ज्या कोणी ते ठेवले त्याला फाल्गुनातली आमराई आणि मार्गशीर्षातले नवे तांदूळ यांत काही सारखे जाणवले, आणि पिढ्यान्‌पिढ्या इतरांना ते पटले. ते यंत्रात दिसत नाही, एवढ्याने ते खोटे ठरत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माझ्या पत्राच्या पुढच्याच वर्षी, २००५ साली, ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी तांदळाच्या सुवासाचे आनुवंशिक कारण प्रसिद्ध केले. साध्या तांदळात एक विकर असते. ज्या कच्च्या मालातून पायरोलीन व्हावयाचे तो माल हे विकर दुसऱ्याच वाटेने खर्ची घालते. बासमती, जास्मिन अशा सुवासिक तांदळांत त्या विकराच्या जनुकातली आठ अक्षरे गळलेली आहेत. विकर निकामी झाले, कच्चा माल शिल्लक राहिला आणि त्याचा सुवास झाला. म्हणजे मुळात ही एक उणीव! शेतात कोण्या एका झाडात ती आपोआप घडली असेल. कोणाच्या तरी नाकाने ती हेरली, आणि त्याने त्या झाडाचे बी वेगळे राखले. २००९ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखविले की बासमतीतला आणि थायलंडच्या जास्मिनमधला हा बदल एकाच मुळाचा आहे. कोणत्याही पुस्तकात ज्यांची नावे नाहीत अशा शेतकऱ्यांनी तो बी म्हणून गाठीला बांधून मुलखामुलखांत नेला.

या ठिकाणी मला प्रयोगशाळेची एक मर्यादा सांगितली पाहिजे. पायरोलीन शुद्ध स्वरूपात काढता येते, पण टिकविता येत नाही. थोड्याच काळात ते तांबूस पडून बिघडते. ते कुपीत राहत नाही, पोत्यात राहत नाही, माळ्यावर तर नाहीच नाही. मग हजारो वर्षे ते टिकले कसे? ते बियात टिकले. बी सुवास साठवीत नाही; दरवर्षी तो नव्याने करण्याची शक्ती तेवढी बाळगते. ते पेरले तरच ती शक्ती पुढच्या वर्षी उरते. ज्या साली शेवटचा शेतकरी आंबेमोहोर लावायचा थांबेल, त्या सालानंतर माझ्या सर्व आलेखांतून तांदळाचा एक दाणाही उगवणार नाही.

गृहिणींसाठी चार उपयुक्त सूचना करून संपवितो. सुवासिक तांदूळ एकदम वर्षाचा भरू नये, दोन-तीन महिन्यांपुरताच घ्यावा. तो घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावा. चुलीजवळ ठेवू नये. फार पांढरा सडलेला घेऊ नये. धुऊन थोडा वेळ भिजत ठेवावा, म्हणजे तो लवकर शिजतो आणि सुवास कमी उडतो. जुना तांदूळ फडफडीत होतो म्हणून काहींना आवडतो, तेही खरे आहे. पण मोकळेपणा हवा की दरवळ, याची निवड करावी लागते. दोन्ही पुरेपूर एकाच पोत्यात मिळत नाहीत. आणि शेजारचा गोविंदभोग अवश्य वापरावा. चौथ्या बाटलीत होता तो हाच. त्यातही तेच द्रव्य, जवळजवळ तसेच शिखर. आईने शेवटच्या वर्षी नैवेद्याला तो आपण होऊन मागितला होता. म्हणाली, "ताजा आहे, आणि इथल्या मातीतला आहे. देवाला चालेल."

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. ज्यांनी ते स्थापन केले त्यांनी मुलखाहून येताना भाषा, सण आणि पदार्थ आणले. माझ्या व्यवसायाने मला त्याविषयी एवढेच शिकविले आहे : माळ्यावर जपून ठेवलेले, कितीही अस्सल असले तरी, उन्हाळ्यात उडून जाते, आणि ते उडाले म्हणजे आपण पाठविणाऱ्याला दोष देतो. आपल्या मुलांच्या मराठीला पूर्वीचा वास येत नाही, अशी तक्रार मी या सभागृहात पुष्कळदा ऐकली आहे. पोत्याला नावे ठेवण्यापूर्वी आपण ते कुठे ठेवले होते हे एकदा पाहावे, आणि जमेल तितके दाणे सालीसकट, पेरण्याजोगे, त्यांच्या हाती द्यावेत.

भात तयार झाला आहे, आणि तो कोणत्या तांदळाचा आहे हे मी इथूनच ओळखले आहे. आपणही ओळखले असेल. तो निवायच्या आत उठावे हे बरे.